यकृताची गोळी आणि वजाबाकीचा हिशेब



यकृत म्हणजे लिव्हर. उजव्या बरगड्यांच्या आड दडलेला हा अवयव मोठ्या माणसात सुमारे दीड किलो भरतो. मटणाच्या दुकानात ज्याला आपण कलेजी म्हणतो, ते बोकडाचे यकृतच. या अवयवाचा एक स्वभाव असा, की तो फारसा बोलत नाही. दात किडला तर रात्रभर झोप लागत नाही, पायात काटा मोडला तर पाऊल टाकवत नाही. यकृताच्या आतल्या भागाला मात्र वेदनाच कळत नाही. त्यामुळे त्याचे दुखणे वर्षानुवर्षे आतल्या आत वाढत राहते, आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागतो तो पोटात पाणी झाल्यावर नाहीतर रक्ताची उलटी झाल्यावर. या मुक्या अवयवाचे एक दुखणे, आणि त्यावर तोंडाने घेण्याची गोळी शोधण्यासाठी जगभर चाललेली धडपड, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

दारूने यकृत खराब होते, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण १९८० साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. युर्गन लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी २० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांचे यकृत थेट दारुड्याच्या यकृतासारखे दिसत होते. पेशींमध्ये चरबीचे थेंब, त्यांच्याभोवती दाह, आणि कोठे कोठे जखम भरल्यावर राहतात तसे वण. आणि ही मंडळी तर दारू पिणारी नव्हती! लुडविग यांनी या रोगाला जे इंग्रजी नाव दिले, त्याच्या आद्याक्षरांवरून 'नॅश' हा शब्द रूढ झाला. २०२३ साली जगातील यकृततज्ज्ञांनी हे नाव बदलून 'मॅश' असे केले. चयापचय बिघडल्यामुळे, म्हणजे खाल्लेल्या अन्नाची शरीरात नीट विल्हेवाट न लागल्यामुळे होणारा मेदयुक्त यकृतदाह, असा त्याचा अर्थ. नव्या नावातून दारूचा उल्लेख मुद्दाम काढून टाकला आहे. हा बदल आपल्या गावांतही पोहोचायला हवा. गळ्यात माळ असलेल्या, आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेल्या एखाद्या वारकऱ्याच्या तपासणीत यकृत बिघडलेले निघाले, की लोक एकमेकांकडे सूचक नजरेने पाहतात. तो माणूस खरे बोलत असतो. अज्ञान पाहणाऱ्यांचे असते.

मग दारू नाही, तर ही चरबी येते कोठून? "तूप-तेल फार खाल्लं असेल," असे आपण चटकन म्हणतो. २००५ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा हिशेबच मांडला. रुग्ण अवघे नऊ होते, पण मोजणी फार बारकाईची होती. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून सुटून आलेली होती. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतःच साखर-पिष्ट पदार्थांपासून बनवलेली होती. खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेली चरबी होती सुमारे १५ टक्के. म्हणजे कणगीला तीन दारे, आणि तुपाचे दार त्यांतले सर्वांत लहान. दिवसातून पाच वेळा घेतलेला गोड चहा आणि बसून काढलेला दिवस मोठी दारे उघडी ठेवतात.

दूधधंदा करणाऱ्यांना यातले मोठे दार चांगले ओळखीचे असेल. नुकती व्यालेली संकरित गाय दूध भरपूर देते, पण तेवढा चारा तिला खाववत नाही. मग अंगावरची चरबी सुटते आणि यकृताकडे धाव घेते. गाईच्या या दुखण्यालाही पशुवैद्य फॅटी लिव्हर असेच म्हणतात. गाईच्या बाबतीत कारण खाद्य कमी पडण्याचे असते. माणसाच्या बाबतीत इन्शुलिनचा हुकूम शरीर मानेनासे होते, म्हणून साठ्यातली चरबी नको तेव्हा सुटत राहते. कारणे वेगळी, वाट एकच.

"पण आमच्या गावात कोण लठ्ठ आहे?" असे कोणी विचारील. याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली स्वतःच्याच शरीराचे मोजमाप छापून दिले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो दोघांचाही अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणजे वरून बारीक आणि आतून स्थूल, अशी आपल्यापैकी पुष्कळांची ठेवण असते. २०१० साली पश्चिम बंगालमधील एका ग्रामीण भागाची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे १९११ लोकांपैकी ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी आढळली, आणि अशा लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे वजनही जास्त नव्हते व पोटही सुटलेले नव्हते. तेव्हा हे दुखणे शहरातल्या बंगलेवाल्यांचे, असे समजून आपण निर्धास्त राहू नये.

आता रोगाच्या पायऱ्या पाहू. पहिली पायरी नुसत्या चरबीची. या पायरीवरचे बहुतेक लोक पुढे सरकतच नाहीत, म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द दिसले, की घाबरून हातपाय गाळण्याचे कारण नाही. दुसरी पायरी दाहाची. तिसरी वणांची. शेतात पाट फुटला की आपण माती लोटून बुजवतो, तसे यकृत प्रत्येक इजेवर चिवट तंतूंची माती लोटते. असे वण वाढत गेले, की यकृत कठीण होते. त्याला सिरॉसिस म्हणतात. डॉक्टर मंडळी वणांना शून्य ते चार असे गुण देतात. शून्य म्हणजे वण नाहीत, चार म्हणजे सिरॉसिस. या रोगात माणसाचे आयुष्य किती राहील याचा अंदाज सर्वांत जास्त कळतो तो या वणांवरून.

तर मग यावर गोळी काढायची, म्हणजे नेमके काय करायचे? गोळीने दाह विझला पाहिजे किंवा वण कमी झाले पाहिजेत. आणि ते गोळीनेच झाले, असे दाखवता आले पाहिजे. हे 'गोळीनेच' फार अवघड आहे. ते कसे ठरवतात, हे समजून घेण्यासारखे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात सांगण्यासारखेही आहे.

समजा, रोग असलेली हजार माणसे स्वखुशीने तयार झाली. सुईने प्रत्येकाच्या यकृताचा एक बारीक तुकडा काढून तपासला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. काहींना खरी गोळी. काहींना रंगारूपाने हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली नकली गोळी. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णाला ठाऊक नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नाही. वर्षभराने पुन्हा तुकडा काढायचा आणि पाहायचे.

गंमत अशी, की नकली गोळीवरची माणसेही सुधारलेली आढळतात! ती का सुधारतात? एक तर, आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे म्हटले, की माणूस खाण्यापिण्याला जपतो. दुसरे म्हणजे हा रोग आपोआपही कमी-जास्त होत असतो. तिसरे कारण तुकड्याचे. सुईत येणारा तुकडा हा सबंध यकृताचा जवळजवळ पन्नास हजारावा भाग असतो. शेताच्या एका कोपऱ्यातली मूठभर माती आज तपासली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोपऱ्यातली, तर फरक जमिनीत पडला की कोपऱ्यात, हे कसे सांगणार? म्हणून नियम असा, की खऱ्या गोळीवर सुधारलेल्यांतून नकली गोळीवर सुधारलेले वजा करायचे. उरेल तेवढेच गोळीचे श्रेय. ही वजाबाकी झाल्याखेरीज कोणत्याही औषधाची स्तुती ऐकू नये, एवढे एक सूत्र मी आज आपल्यापुढे ठेवतो.

या वजाबाकीत भलेभले कसे पडले, ते पाहा. अमेरिकेतील गिलियड कंपनीने सेलोनसर्टिब नावाची गोळी काढली. पेशींमधला दाहाचा एक इशारा बंद करावा, अशी तिची योजना. २०१९ साली निकाल लागला. सिरॉसिस झालेल्या ८७७ रुग्णांच्या चाचणीत, मोठ्या मात्रेने ज्यांचे वण सुधारले ते १४.४ टक्के, नकली गोळीने सुधारलेले १२.८ टक्के. वजाबाकी करा. दीड टक्का उरतो, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. त्या गोळीचा या रोगापुरता तेथेच शेवट झाला.

दुसरी गोळी एलाफिब्रानोर, फ्रान्समधील जेनफिट कंपनीची. चरबी जाळणाऱ्या यंत्रणेला चालना द्यावी, हा तिचा हेतू. २०२० साली १०७० रुग्णांचा निकाल आला. दाह विझला तो खऱ्या गोळीने १९.२ टक्के लोकांत, नकलीने १४.७ टक्के लोकांत. वजाबाकी साडेचार. संशोधनाच्या नियमाने हाही फरक पुरेसा ठरला नाही. गोळी मात्र वाया गेली नाही. पित्तनलिकांच्या एका निराळ्याच रोगावर तिला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. एका तालमीत हरलेला पैलवान दुसऱ्या तालमीत उपयोगी पडावा, तसे झाले.

तिसरी हकीकत अधिक चटका लावणारी आहे. इटलीतील पेरुजिया विद्यापीठात डॉ. रोबेर्तो पेल्लिच्चारी यांच्या प्रयोगशाळेत पित्तातल्या एका आम्लात थोडा बदल करून ओबेटिकोलिक ॲसिड तयार झाले. २०१९ साली ९३१ रुग्णांचा दीड वर्षाचा निकाल प्रसिद्ध झाला. मोठ्या मात्रेने २३ टक्के लोकांचे वण कमी झाले, नकलीने १२ टक्के लोकांचे. वजाबाकी अकरा, आणि ती खरी ठरली. सर्वांना वाटले, गोळी मिळाली! पण हिशेबाच्या वहीत जमेसारखाच खर्चाचाही रकाना असतो. या औषधाने ५१ टक्के लोकांच्या अंगाला खाज सुटली. नकली गोळीवर हे प्रमाण १९ टक्के होते. वाईट कोलेस्टेरॉलही वाढले. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याने २०२० साली नकार दिला, २०२३ साली पुन्हा नकार दिला, आणि कंपनीने या रोगासाठी चालवलेले काम बंद केले. लाभ खरा होता, पण तोटा वजा जाता शिल्लक पुरेशी नव्हती.

लुडविग यांनी रोगाला नाव दिले १९८० साली. अमेरिकेत या रोगावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली ती १४ मार्च २०२४ रोजी. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. या गोळीचे नाव रेस्मेटिरोम.

तिची कल्पना समजायला सोपी आहे. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. आयोडीन कमी पडले की तीच फुगून गलगंड होतो. या ग्रंथीचा रस यकृताला चरबी जाळायला लावतो, हे जुने ज्ञान. मग तोच रस का देऊ नये? कारण तो वाढला, की छाती धडधडते आणि हाडे झिजतात. पुढे असे कळले, की पेशींमध्ये या रसाची दोन प्रकारची कुलपे असतात. हृदयात आणि हाडांत मुख्यतः एका प्रकारचे, यकृतात मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे. मग रसायनशास्त्रज्ञांनी अशी किल्ली घडवायला घेतली, की जी यकृताचे कुलूप उघडील आणि हृदयाच्या कुलपात बहुतांशी फिरणार नाही. रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेले हे रसायन पुढे माद्रिगल या अमेरिकन कंपनीने तडीस नेले.

आता तिची वजाबाकी. चाचणीत ९६६ रुग्ण होते आणि दुसरा तुकडा ५२ आठवड्यांनी काढला. १०० मिलिग्रॅमच्या गोळीने ज्यांचा दाह विझला आणि वण वाढले नाहीत, ते २९.९ टक्के, ८० मिलिग्रॅमच्या गोळीने २५.९ टक्के, नकलीने ९.७ टक्के. वण निदान एका पायरीने उतरले ते अनुक्रमे २५.९ टक्के आणि २४.२ टक्के लोकांचे, नकलीने १४.२ टक्के. ढोबळ मानाने बोलायचे तर, मोठ्या मात्रेच्या शंभर जणांमागे वीस जणांचा दाह गोळीमुळे विझला आणि बारा जणांचे वण गोळीमुळे उतरले. तोट्याच्या रकान्यात मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांतले जुलाब आणि मळमळ. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील, तर त्यांची मात्रा मात्र डॉक्टरांनी तपासून घ्यावी लागते.

वीस आणि बारा हे आकडे ऐकून कोणाला वाटेल, "एवढंच?" होय, एवढेच. आणि तरीही ही मोठी गोष्ट आहे, कारण यापूर्वी या जागी शून्य होते. हे औषध वणांचे गुण दोन किंवा तीन असलेल्यांसाठी आहे. नुसती चरबी असलेल्यांसाठी नाही, आणि सिरॉसिस झालेल्यांसाठीही तिला ही मान्यता मिळालेली नाही. शिवाय मान्यता सशर्त दिलेली आहे. तुकड्यात सुधारणा दिसली हे खरे; पण त्यामुळे पुढे यकृत निकामी होणे आणि मृत्यू टळतात काय, हे चाचणी चालू ठेवून दाखवण्याची अट कंपनीवर घातलेली आहे. राहता राहिली किंमत. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत तिची छापील किंमत वर्षाला ४७ हजार ४०० डॉलर होती. त्या वेळच्या दराने सुमारे ३९ लाख रुपये! शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम कोठून यायची? म्हणून संशोधन संपले, असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

याच सुमारास दुसऱ्या वाटेनेही यश आले. मधुमेहासाठी आणि वजनासाठी वापरले जाणारे सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा टोचायचे औषध. त्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. ८०० रुग्णांत, ७२ आठवड्यांनी, दाह विझला तो ६२.९ टक्के लोकांचा. "मग हे गोळीच्या दुप्पट चांगलं!" असे म्हणण्याआधी थांबा. त्या चाचणीत नकली टोचणीनेही ३४.३ टक्के लोक सुधारले होते. वजाबाकी उरते सुमारे साडेअठ्ठावीस. म्हणजे औषध चांगलेच आहे, पण ६३ हा आकडा एकटा ऐकला तर फसगत होते. दोन निराळ्या शेतांतली पिके नुसत्या पोत्यांवरून तोलू नयेत; जमीन, पाणी, वाण सारेच निराळे असते. आणि टोचण्याचे औषध म्हटले, की सुई आली, थंड पेटी आली, वीज आली. खेड्याच्या दृष्टीने तोंडाने घेण्याच्या गोळीचे महत्त्व म्हणूनच कमी होत नाही.

या धडपडीत आपला देशही मागे नाही. अहमदाबादच्या झायडस कंपनीने सारोग्लिटाझार नावाची गोळी तयार केली. मधुमेही रुग्णांच्या रक्तातील मेद कमी करण्यासाठी तिला २०१३ साली भारतात मान्यता मिळाली, आणि २०२० साली सिरॉसिस नसलेल्या या यकृतदाहासाठीही मिळाली. अमेरिकेत १०६ रुग्णांवर १६ आठवड्यांची एक चाचणी झाली. तीत ४ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तातील एएलटी हा यकृताच्या इजेचा घटक सरासरी ४५.८ टक्क्यांनी उतरला. नकली गोळीवर तो किंचित वाढलाच होता. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आपले सूत्र आपल्या माणसांनाही लावले पाहिजे. या चाचणीत मोजले ते मुख्यतः रक्त आणि चरबी. वणांचा हिशेब १६ आठवड्यांत लागत नसतो. तेव्हा ही गोळी कोणाला आणि किती दिवस द्यायची, हे डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवावे. शेजाऱ्याला दिली म्हणून आपण दुकानातून आणू नये.

आता कोणी म्हणेल, "गोळीचं एवढं रामायण कशाला? वजन उतरवा म्हणजे झालं." या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५ साली क्यूबामधील २९३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना औषध नव्हते. आहार आणि व्यायाम एवढाच उपचार, एक वर्ष. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा अधिक उतरले, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांचा दाह विझला आणि ४५ टक्के लोकांचे वणही उतरले. या चाचणीत नकली गोळीचा गट नव्हता, हे ध्यानात ठेवूनही हे यश थोर आहे. पण इतके वजन उतरवणारे निघाले किती? २९३ पैकी २९. दहांत एक! बाकीच्या नऊ जणांना आळशी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. भूक, सवय, घरचा स्वयंपाक, कामाची तऱ्हा हे सारे माणसाला मागे ओढत असते. आणि आपल्यातल्या बारीक माणसांनी दहा टक्के उतरवायचे तरी कोठून? म्हणून गोळीही हवी आणि घाम गाळणेही हवे. गोळी मिळाली तरी चहातली साखर कमी करावी लागेल, चालावे लागेल, आणि दारू तर सोडावीच लागेल.

एक गोष्ट मात्र पैशाशिवाय होण्यासारखी आहे, ती म्हणजे वेळेवर ओळखणे. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे पोट सुटले आहे, ज्यांच्या रक्तात मेद वाढला आहे, त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: "माझ्या यकृतात वण असण्याचा संभव किती?" याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीतून येतो. त्याला चार आकडे लागतात: वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट. वयाला एएसटीने गुणायचे. दुसरीकडे हजारांत मोजलेल्या प्लेटलेटला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. पुस्तिकेत हे वाचणाऱ्या शिक्षकांनी फळ्यावर करून पाहावे. समजा, वय ४९ आणि एएसटी ६०, गुणाकार २९४०. प्लेटलेट २ लाख १० हजार, म्हणजे २१०, एएलटी ६४, त्याचे वर्गमूळ ८, गुणाकार १६८०. भागाकार १.७५, म्हणजे पावणेदोन. उत्तर १.३ च्या खाली आले, तर मोठ्या वणांची भीती कमी. त्याहून जास्त आले, तर यकृताचा कठीणपणा मोजणारी पुढची तपासणी करावी. अगदी तरुण आणि फार वृद्ध माणसांत हे गणित नीट चालत नाही. हे निदान नव्हे, ही चाळणी आहे. भारत सरकारने २०२१ साली या रोगाचा समावेश मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात हा विषय काढायला संकोच वाटू देऊ नये.

शेवटची विनंती. आठवडी बाजारात, मोबाइलच्या पडद्यावर, कधी ओळखीच्या माणसाकडून "लिव्हर साफ करणारं" चूर्ण किंवा काढा आपल्यापुढे येईल. "शंभरातल्या साठांना गुण आला," असेही सांगितले जाईल. तेव्हा भांडू नका, रागावू नका. फक्त तीन प्रश्न विचारा. हे न घेणाऱ्या शंभरांत किती जणांना गुण आला? गुण आला म्हणजे काय मोजले? आणि कोणाला काय अपाय झाला? ज्या कंपन्यांनी अफाट पैसा ओतला, त्यांनाही या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. अनेकांना ती देता आली नाहीत, आणि त्यांच्या गोळ्या मागे घेतल्या गेल्या. चूर्णवाल्याने उत्तर दिले नाही, तर पैसे खिशातच ठेवावे. नकळत घेतलेल्या काही वनस्पती आणि भेसळीची चूर्णे यांनी यकृताला उलट इजाच होते.

यकृत स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने प्रश्न आपणच विचारायचे असतात. ते विचारण्यापुरती वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येते.